बँकॉकमधलं बिनकोथिंबिरीचं सूप

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे तुमचं हसून होईल आणि पुढचं नीट वाचाल. बँकॉकसारख्या अवाढव्य शहरात मी एकटी पायी फिरायला बाहेर पडले, तेव्हा हॉटेलचं कार्ड घेतलं नाही, नाव लक्षात ठेवलं नाही, फोन खोलीत चार्जिंगला लावून ठेवला. का? तर मला पत्ता पाठ होता. पत्ता काय – "बुद्ध विहाराच्या मागे"!

हसा हसा. ज्यांनी बँकॉक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते – नागपुरात जसे पानठेले, तसे तिथे विहार. एका विहाराच्या दारात उभं राहिलं की दुसऱ्याचं सोनेरी छप्पर दिसतं. पण मी वाढले नागपूरच्या बौद्ध वस्तीत. तिथे विहार एकच. पोस्टमन, रिक्षावाला, मुलीला बघायला येणारे पाहुणे, सगळ्यांना आम्ही एवढंच सांगायचो – विहाराच्या मागे. कुणी चुकल्याचं ऐकिवात नाही. मग हॉटेलच्या खिडकीतून समोर विहार दिसल्यावर साठी उलटलेल्या, जर्मनी पाहिलेल्या, ट्राममध्ये ऐटीत बसणाऱ्या त्या शहाण्या बाईला – म्हणजे तेव्हाच्या मला – आणखी काय हवं होतं?

दुसरं म्हणजे, माझा असल्या भुताखेतांच्या गोष्टींवर विश्वास नाही. "नव्हता" असं लिहिलेलं नाही, नीट वाचा. आम्ही आत्माच मानत नाही, तर भूत बनवायला कच्चा माल आणायचा कुठून? लहानपणी वस्तीतल्या पोरी चिंचेखालच्या बाईच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा मी मुद्दाम त्याच चिंचेखाली बसून शेंगा सोलायचे. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते नातीला घाबरवायला. ती जर्मनीत वाढलेली. सगळं ऐकून घेते आणि शेवटी "ओमा, क्वाच!" म्हणते. म्हणजे, आजी, काहीतरीच तुझं! मीही इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आले आहे... क्वाच, क्वाच. पण आता चालणं कमी झालंय, खिडकीशी बसणं वाढलंय, आणि ते सूप काही डोक्यातून जात नाही.

माझा मुलगा अभिजित इथे जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला नोकरीला आहे. आम्ही दोघं नागपूरहून त्याच्याकडे येऊन राहायचो. "आम्ही दोघं" म्हणजे मी आणि हे. हे वीजखात्यातून रिटायर झालेले. उंच, काटकुळे, उजवा खांदा किंचित खाली, कारण जन्मभर त्याच खांद्याला अवजारांची पिशवी. यांना दोनच नाद – चालणं आणि गप्प बसणं. ऱ्हाईनच्या काठाने रोज संध्याकाळी फिरायला जायचो, हे पुढे आणि मी मागे. चाळीस वर्षं मी या माणसाची पाठ बघत चाललेय. तिथे म्हातारी जर्मन जोडपी हातात हात घालून चालतात. मी एकदा हाक मारून म्हटलं,

"अहो, बघा जरा. शिका काहीतरी."

हे थांबले. "पडशील का तू?"

"नाही."

"मग?"

आणि निघाले पुढे. संपला रोमान्स.

कोथिंबीर यांना चालायची नाही. आमच्याकडे नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि सांबाराशिवाय पान हलत नाही. पण हा माणूस भाजीतून, वरणातून, पोह्यांतून एकेक पान वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावायचा. कावळ्याच्या चिकाटीने. मी चिडून म्हणायचे, "मोजताय का? हजेरी घ्यायचीय का त्यांची?" तर हे पुढचं पान उचलायचे.

एका संध्याकाळी असेच हे पुढे गेले आणि ट्रामच्या स्टॉपवर बाकावर बसलेले दिसले. मी धापा टाकत पोचले, शेजारी बसले आणि सुरू झाले. सुनेने केलेली भेंडी, डॉक्टरांनी बंद केलेलं मीठ, नागपूरच्या घराची चावी शेजारणीकडे दिली ते बरं केलं की नाही... सगळं बोलून झालं. उत्तर नाही. त्यात नवीन काय होतं? ट्राम आली, दार उघडलं. मी म्हटलं, "अहो, उठा, गार वारा सुटलाय." ट्राम गेली. मी हात लावला.

मी किती वेळ एकटीच बोलत होते, ते मला आजही माहीत नाही.

यांची एकच इच्छा राहिली होती. बुद्धाच्या देशात एकदा पायी फिरायचं. बसमधून नाही, गाइड नाही, पायी. म्हणून पुढे काही महिन्यांनी अभिजितला ऑफिसच्या कामासाठी बँकॉकला जायचं होतं, तेव्हा त्याने मलाही बरोबर घेतलं. मी त्या दिवसांत घरात कुणाशी बोलत नव्हते. थट्टा नाही, भांडण नाही. सून म्हणे घाबरलीच होती. "आल्झो आई," अभिजित म्हणाला, "बाबांचं राहिलं, ते तू फिरून ये." पोरगा मराठी वाक्याच्या सुरुवातीला जर्मन "आल्झो" लावतो. आपल्याकडे "तर मग" म्हणतात तसं.

पहिल्याच सकाळी तो मीटिंगला गेला. जाताना म्हणाला, "बाहेर जायचं तर हॉटेलचं कार्ड घे." मी म्हटलं, "मला काय कुकुलं बाळ समजतोस?" आणि निघाले.

काय ते शहर! फुटपाथवर स्वयंपाक, फुटपाथवर शिलाई मशीन, फुटपाथवर झोपलेली कुत्री, आणि उरलेल्या जागेतून मोटारसायकल. डोक्यावर विजेच्या तारांची एवढाली भेंडोळी. ती बघून मला पहिल्यांदा यांची आठवण आली. हे असते तर खांबाखाली उभे राहून अर्धा तास "हं" म्हणाले असते. दर घरापुढे एक खांबावरचं छोटंसं देऊळ, आत भुताखेतांसाठी लाल सरबताची बाटली आणि तिला स्ट्रॉ. बुद्धाच्या देशात भुतांना घर, वर सरबत! मी मनात म्हटलं, या लोकांची शाळा घ्यायला हवी.

एक वळण, दुसरं वळण, एक विहार, नमस्कार, पुन्हा वळण. ऊन तापलं तशी मागे फिरले आणि लक्षात आलं की माझा विहार कुठला ते मला कळत नाहीये. कोपऱ्यावर नारिंगी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले बसले होते. त्यांना सांगू काय? मी डोळे मिटून, मांडीवर हात ठेवल्यासारखे करून बुद्ध होऊन दाखवला. मग त्या बुद्धाच्या मागे बोट दाखवलं, आणि गालाखाली हात ठेवून झोपून दाखवलं. चौघांनी चार दिशांना बोट दाखवलं. पाचव्याने मला बसायला खुर्ची दिली. त्याला वाटलं असावं, बाईला ध्यानाला बसायचंय, झोप येतेय.

इथपर्यंत गंमत होती. पुढचं सांगताना मला अजूनही नीट जमत नाही, सांभाळून घ्या.

गल्लीत गाडीवर एक सूपवाली होती. ठेंगणी, माझ्याच वयाची. मला बघताच तिने ओळखीचं हसून हाक मारली. मी मागे वळून बघितलं, कुणाला बोलावतेय? मलाच. तिने स्टूल पुसलं. मग दुसरं स्टूल ओढून माझ्या समोर ठेवलं, तेही पुसलं. दोन वाडगे आणले. माझ्यापुढे ठेवला त्यावर कोथिंबीर होती, भरपूर. समोरच्या रिकाम्या स्टुलापुढे ठेवला त्यावर एक पान नव्हतं.

मी त्या वाडग्याकडे बघत बसले.

सूपवालीने गल्लीच्या टोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात उंच करून एका उंच माणसाची उंची दाखवली आणि भुवया उडवल्या. कुठे गेले? एवढंच विचारत होती ती. मग तिने उजवा खांदा खाली पाडला आणि दोन पावलं चालून दाखवली. मी उभी राहिले तर स्टूल पडलं.

मी त्या दिशेला चालायला लागले. सूपाला तोंडही लावलं नाही. आता वाटतं, निदान त्या वाडग्यातलं घोटभर तरी प्यायला हवं होतं.

पुढे छत्र्या-चपला दुरुस्त करणारा म्हातारा बसला होता. त्याने मान वर केली, हसला आणि माझ्या चपलेकडे बघून बोटाने विचारलं, ठीक आहे ना? मी त्याच्याकडून चप्पल कधी शिवून घेतली नव्हती. वाकून बघितलं... चप्पल माझी जुनीच होती, कुठे टाका नव्हता. त्याचाही चेहरा गोंधळला. मी हात उंच करून उंच माणूस दाखवला, सूपवालीने दाखवला तसाच. तो लगेच मान डोलवू लागला. हो हो, दोघं! आणि त्याने स्वतःच्या डाव्या हातात उजवा हात गुंफून दाखवला, झुलवून दाखवला, नदीकडे बोट केलं.

हातात हात.

मी मोठ्याने हसले त्या गल्लीत. म्हटलं, चला, सुटले! म्हणजे हे आम्ही नव्हेत. दुसरं कुणीतरी भारतीय जोडपं आहे, बँकॉकमध्ये काय कमी आहेत? म्हातारा गुजराती असेल, पंजाबी असेल, त्यालाही कोथिंबीर चालत नसेल. बाई, हॉटेल शोध. असं स्वतःला सांगितलं आणि नदीकडे धावत सुटले. माझ्या त्या गुडघ्यांनी. लोक बाजूला होत होते. डोक्यात दुसरं काही नव्हतं – एकदा दिसू देत. बोलू नका, थांबू नका, पाठ दिसली तरी पुरे.

धक्क्यावर तिकिटाच्या टेबलाशी एक बाई होती. ती माझ्याकडे बघून अर्धी उठलीच. माझ्या तोंडाकडे बोट, मग नदीकडे बोट. तू तर गेलीस ना?

बोट नुकतीच सुटली होती. शिट्टी वाजत होती, माणसांनी गच्च भरलेली बोट, मधे तपकिरी पाणी. पुढच्या कठड्याशी एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. उजवा खांदा खाली. शेजारी एक बाई, पांढरा अंबाडा. त्या बाईबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण आपली पाठ आपण कधी बघतो? पण ती दुसरी पाठ! तिच्या मागे मी चाळीस वर्षं चालले आहे हो.

मी ओरडले, "अहो!"

नागपूरच्या बाजारात "अहो" म्हटलं की पन्नास पुरुष वळतात. तिथे वळला असता तर एकच.

तो वळला नाही. बाई वळली.

चेहरा नीट दिसला नाही, पाणी चमकत होतं. पण तिने मला पाहिलं, एवढं नक्की. पाहिलं, आणि हळूच आपला तळवा त्यांच्या पाठीवर ठेवला. नुकत्याच झोपलेल्या बाळाजवळ कुणी भांडं पाडलं की आई ठेवते ना हात, तसा. मग पुन्हा पुढे बघू लागली. बोट पुलाखालून गेली.

मी धक्क्यावर बसकण मारली आणि पुष्कळ बडबडले म्हणतात. मराठीत. तिकिटवालीने पाणी पाजलं, फोन पुढे केला. मुलाचा नंबर तेवढा पाठ होता. अभिजित आला तो घामाने निथळत, बरोबर त्याच्या ऑफिसातली नोई नावाची मुलगी.

"आई! कार्ड घे म्हणून सांगितलं होतं की नाही?"

"तुझे बाबा बोटीत बसून गेले."

तो माझ्याजवळ बसला, नव्या इस्त्रीच्या पँटसकट, तिथे जमिनीवर. मी त्याला सगळं सांगितलं. कोथिंबिरीपर्यंत तो ऐकत होता. चपलावाल्याने काय दाखवलं ते सांगितल्यावर त्याने सुटकेचा श्वास सोडला.

"बाबा? आणि तुझा हात धरून? आई, मग ते बाबा नव्हेतच."

"तेच म्हणतेय मी."

"मग रडतेस कशाला?"

काय सांगणार त्याला? दुसऱ्या कुणा बाईबरोबर दिसले असते तर मी भांडले असते, जीव मोकळा झाला असता. माझ्याबरोबरच होते ते. फक्त ती मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरला, परत त्या सूपवालीकडे जायचं. अभिजितला कामातून निघता येईना, त्याने नोईला माझ्याबरोबर पाठवलं. नोई चांगली मुलगी होती, इंग्रजी माझ्यासारखंच सोपं बोलायची. सूपवालीने सगळं तिला सांगितलं. काल सकाळी तिने नुकतं पातेलं चढवलं होतं तेव्हा ही आजी आणि उंच आजोबा आले. आजोबांनी सूपातली कोथिंबीर एकेक पान वेचून टेबलाच्या कडेला रांगेत लावली, आणि ही आजी त्यावर काहीतरी बोलली, आणि दोघंही इतकी हसली की सूपवालीही हसली. म्हणून तिने त्यांना दुसरा वाडगा बिनकोथिंबिरीचा दिला होता. म्हणून ही आजी पुन्हा आली तेव्हा तिने न विचारताच तसा ठेवला. मी नोईला पुन्हा विचारायला लावलं, हीच आजी? सूपवालीने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. हीच.

त्या वेळी, पातेलं चढवायच्या वेळी, मी हॉटेलात अभिजितसमोर नाश्ता करत होते. पपई खात होते. तो साक्षीदार आहे.

तेव्हापासून मी सगळी कारणं लावून बघितली. ऊन लागलं होतं. दुःखात माणसाला काहीही दिसतं. पण माझं दुःख सूपवालीला कसं दिसेल? दुसरं जोडपं होतं, दिसायला सारखं. असेल. खांदा सारखा, कोथिंबिरीची रांग सारखी, बाईचा चेहरा सारखा... असेल बापडं. सून म्हणते, तुम्ही चांगला अर्थ घ्या ना आई, बाबांची इच्छा पूर्ण झाली. झाली असेल. यांची झाली. मी पुन्हा कधी बँकॉकला गेले नाही. इथे ऱ्हाईनकाठीही जात नाही. अभिजित म्हणतो थंडी वाजते म्हणून. मी हो म्हणते. खरं कारण असं की तिथे हातात हात घालून चालणारी म्हातारी पाठमोरी दिसली की मला हाक मारायची भीती वाटते. पुन्हा तीच वळून बघेल.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असलं तर खाली लिहा. पण "आत्मा" वगैरे लिहू नका, ते मी मानत नाही, आणि मानलं असतं तरी मी जिवंत असताना माझा कुठून फिरणार होता?

एक राहिलं. त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा सूपवालीने माझा दंड धरून काहीतरी विचारलं होतं. नोईने ते तिथे इंग्रजीत केलंच नाही. टॅक्सीत बसल्यावर मी मागेच लागले, तेव्हा खिडकीबाहेर बघत ती म्हणाली –

"ती विचारत होती, 'त्यांच्याबरोबर इतकी हसत गेली होतीस, मग परत का आलीस?'"